अरण्य आणि ओंडक्यांचे वाडे

‘कँप’ हा शब्द कानीं पडतांच आपल्यापुढें तंबू, शेकोटी आणि चार दिवसांची वस्ती उभी राहते. परंतु न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिराँडॅक नांवाच्या डोंगराळ प्रदेशांत या शब्दास निराळाच अर्थ आला आहे. तेथें सरोवराच्या कांठीं बांधलेलें कुटुंबाचें उन्हाळी घर, मग तें दोन खोल्यांचें असो वा तीस इमारतींचें, ‘कँप’च म्हणविलें जातें. कोट्यधीशांनीं आपल्या वाड्यांस मुद्दाम झोंपडीचें नांव द्यावें, ही नम्रता थोडी संशयास्पदच होय. पण या घरांच्या इतिहासांत नांवापेक्षां अधिक विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

बोस्टन येथील विल्यम मरे नांवाच्या पाद्र्यानें १८६९ सालीं या अरण्यांतील मासेमारी व नौकाविहार यांचें रसभरित वर्णन करणारें एक पुस्तक लिहिलें. तें वाचून त्याच उन्हाळ्यांत शहरवासीयांच्या झुंडी तिकडे धांवल्या. पाऊस, डांस व काळ्या माशा यांनीं त्यांतील बहुतेकांस सळो कीं पळो करून सोडलें, आणि वर्तमानपत्रांनीं त्यांना ‘मरेचे मूर्ख’ अशी पदवी बहाल केली. तरी लोक येतच राहिले. वाट दाखविणें, होडी वल्हवणें, शिकार शोधून देणें हा स्थानिक लोकांचा धंदा झाला. त्यांच्या होड्या इतक्या हलक्या कीं, दोन सरोवरांच्या मधली जमीन ओलांडतांना एकटा वाटाड्या आपली होडी खांद्यावर उलटी घेऊन चाले.

या हौसेला वास्तुकलेचें रूप दिलें तें विल्यम वेस्ट ड्युरंट यानें. त्याचा बाप युनियन पॅसिफिक आगगाडीचा एक सूत्रधार असून या डोंगरांत त्याच्या ताब्यांत लाखों एकर जमीन होती. इंग्लंड-जर्मनीत शिकून आलेल्या या मुलानें १८७७ च्या सुमारास रॅकेट सरोवराच्या कांठीं ‘पाइन नॉट’ हें घर बांधावयास घेतलें, आणि पुढें वर्षानुवर्षें तो त्यांत भर घालीत राहिला. स्वित्झर्लंडमधील पहाडी घरांचा घाट आणि त्या अरण्यांतील ओंडक्यांची राहुटी यांचा त्यानें मिलाफ केला. ओंडके सालीसकट वापरावयाचे, भिंतींस आंतून भूर्जवृक्षाची साल लावावयाची, वांकड्या फांद्यांचे कठडे करावयाचे, चुलाण्यास तेथलेच धोंडे घ्यावयाचे, ही त्याची पद्धति. जेवणघर, निजण्याच्या खोल्या, नौकागृह, बर्फघर हीं सर्व वेगवेगळीं. आपल्याकडे ज्या सालीवर ग्रंथ लिहिले गेले, त्याच जातीच्या झाडाच्या सालीनें तिकडे दिवाणखाना सजावा, याची मौज वाटते.

यजमान जुलै-ऑगस्टांत येत, पोहत, मासे धरीत, होडींतून दूरच्या बेटावर वनभोजनास जात आणि थंडी पडूं लागतांच परतत. घराचें खरें वर्ष मात्र त्यानंतर सुरू होई. हिंवाळ्यांत तोडलेल्या झाडाची साल घट्ट चिकटून राहते, उन्हाळ्यांत तोडलेल्याची सुटून येते. म्हणून सालीसकट लागणारीं लांकडें बर्फांतच तोडावीं लागत, आणि घसरगाड्यांवरून गोठलेल्या जमिनीवर ओढून आणणें सोपेंही जाई. सरोवर गोठलें म्हणजे त्याचे चौकोनी ठोकळे करवतीनें कापून, लांकडाच्या भुशांत पुरून बर्फघरांत सांठवीत. जुलैत पाहुण्यांच्या पेल्यांत पडणारा तुकडा जानेवारींत कोणी तरी बोटें बधिर करून कापलेला असे. शिवाय सालीच्या आड ओल व कीड राहते, त्यामुळें डागडुजीला अंत नसे. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं घर शाकारतात, तसेंच हें दरसालचें काम. तें करणारे सुतार, लोहार, गवंडी व राखणदार सहकुटुंब मुख्य घरापासून दूर, पाहुण्यांच्या नजरेआड राहत.

ड्युरंटला मात्र बांधण्याचें व्यसनच जडलें. पाइन नॉट त्यानें १८९५ सालीं कोलिस हंटिंग्टन यास दिलें. अंकस हें दुसरें घर जे. पी. मॉर्गनकडे गेलें; १८९७ सालीं पुरें झालेलें सॅगमोर १९०१ सालीं आल्फ्रेड व्हँडरबिल्टच्या हातीं पडलें. बापाच्या मिळकतींतील आपला वांटा भावानें उडविला म्हणून बहिणीनें त्याच्यावर दावा लावला, आणि न्यायालयानें साडेसात लाखांहून अधिक डॉलर तिला देणें ठरविलें. एवढी रक्कम द्यावयास तेव्हां त्याच्याजवळ उरलीच नव्हती. भावाबहिणींचें हें भांडण वाचतांना आमच्याकडील वाटण्यांच्या खटल्यांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. १९३४ सालीं तो वारला, तेव्हां त्याचीं सर्व घरें परक्यांचीं झालेलीं होतीं.

इकडे त्याच काळांत अरण्याचाही कायदा घडत होता. जंगल असेंच तुटत राहिलें तर नद्या व कालवे आटतील, या भीतीनें राज्यानें १८८५ सालीं वनसंरक्षणाचा कायदा केला, १८९२ सालीं उद्यानाची सीमा आंखली, आणि १८९४ च्या राज्यघटनेंत असें कलम घातलें कीं, सरकारी वनजमीन कायम रानच राहावी, तिच्यावरील झाड विकूं वा तोडूं नये. कलम उत्तमच. परंतु धनिकांच्या नातवंडांना हे वाडे झेपेनासे होऊन ते सरकारकडे येऊं लागले, तेव्हां पेंच पडला. रान रानच ठेवावयाचें, तर त्यांतील घराचें काय? वेब कुटुंबाचें नेहासाने हें घर सरकारजमा झाल्यावर १९८० नंतरच्या दशकांत पाडून जाळण्यांत आलें.

सॅगमोरची गोष्ट याहून बोलकी आहे. व्हँडरबिल्टच्या विधवेनें तें १९५४ सालीं सिरॅक्यूज विद्यापीठास दिलें. विद्यापीठानें १९७५ सालीं तें विकलें. त्या वेळीं धन्याचें घर वांचविण्याची तजवीज झाली, पण लोहारशाळा, सुतारशाळा, गोठे हा कामकऱ्यांचा भाग सरकारी रानाच्या हद्दींत गेला, म्हणजे मोडून पडण्यासाठींच राहिला. बांधणारांचें पुसून बांधविणाराचें राखावें, हा इतिहासाचा नेहमींचाच न्याय! येथें मात्र तो फिरला. १९८३ सालीं मतदारांनीं घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि इमारतींसह दहा एकर सोडून देऊन त्यांच्या बदल्यांत किमान दोनशें एकर रान राज्यास मिळावें असें ठरलें. एका लोहाराच्या भात्यासाठीं राज्यघटना बदलावी लागली, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

न्यूकोम्ब सरोवराकांठचें सांतानोनी याहून भाग्यवान, पण उशिरां. ऑल्बनीचा पेढीवाला रॉबर्ट प्रुइन यानें १८९२-९३ मध्यें तें बांधविलें. रॉबर्ट रॉबर्टसन हा त्याचा वास्तुकार. प्रुइनचा बाप जपानमध्यें अमेरिकेचा वकील असतांना मुलगाही तेथें होता. निरनिराळ्या खोल्यांवर एकच विस्तीर्ण छप्पर आणि त्यांना जोडणारी प्रशस्त ओसरी या रचनेंत त्या जपानी वास्तव्याची छाया अनेकांना दिसते, आणि आम्हांसही ती पटते. या एका घरास सुमारें १,५०० स्प्रूस वृक्ष लागले. वाटेवर दुधाची व भाजीपाल्याची स्वतंत्र शेती होती. कुटुंबानें १९५३ सालीं तें विकलें. १९७१ सालीं पुढील मालकांच्या कुटुंबांतील एक बालक रानांत हरवलें, तें सांपडलेंच नाहीं, आणि पुढच्याच वर्षीं ती सर्व जागा राज्याकडे आली. मग अनेक वर्षें छप्पर गळत राहिलें, कारण दुरुस्ती करणें कलमांत बसतें कीं नाहीं याचाच निकाल होईना. गांवकरी व वास्तुप्रेमी यांच्या खटपटीनें अखेर त्यास ऐतिहासिक क्षेत्र मानलें गेलें, आणि २००० सालीं राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २००४ सालीं शेतावरील मोठा गोठा जळाला, त्याची भरपाई होणें नाहीं.

आतां फाटकापासून घरापर्यंत सुमारें पांच मैल पायीं, किंवा हिंवाळ्यांत बर्फावर घसरत जावें लागतें. घरांत राहावयास कोणी नाहीं. तरी कुजलेले ओंडके काढून त्यांच्या जागीं नवे बसविण्याचें काम सुतारांच्या हातीं पुनः आलें आहे, आणि साल घट्ट राहावी म्हणून झाड केव्हां तोडावें, हा जुना प्रश्न त्यांनाही विचारावा लागतो.