मोटेची सोंड

मागं गोठ्यातल्या बादल्या आणि कंबरदुखीवर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी मोटेचं विचारलं. आज पाऊस आहे, रानात जाता येत नाही, म्हणून सवडीनं लिहितो.

पाणी उचलण्यापेक्षा ओतायला जास्त त्रास होतो, हे बादली उचलणाऱ्या बाईमाणसाला विचारा. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो पाणी. सरळ उभं राहून धरली तर निभतं. पण वाकून, हात लांब करून ती तिरकी करायला गेलं की सगळा भार कंबरेवर येतो. आता मोटेत पाणी मावायचं शे-दीडशे लिटर. एवढा बोजा विहिरीच्या काठावर माणसानं हातानं धरून ओतायचा म्हटलं तर तोल जाऊन आत पडायचीच भीती.

उत्तर हिंदुस्थानात चामड्याच्या साध्या पिशवीनं, म्हणजे चरसानं पाणी काढत. तिकडं एक माणूस बैलांमागं आणि दुसरा विहिरीच्या तोंडाशी. वर आलेला चरस या दुसऱ्यानं पकडायचा, काठावर ओढायचा, रिकामा करायचा, परत आत सोडायचा. दिवसभर हेच.

आपल्याकडच्या मोटेला मात्र सोंड होती. मोटेचं वरचं तोंड लोखंडी कड्यावर ताणलेलं, आणि बुडाला हत्तीच्या सोंडेसारखी चामड्याची लांब नळी, दोन्ही टोकं उघडी. दोर दोन. जाड तो नाडा, तो मोटेच्या कड्याला बांधून वरच्या मोठ्या चाकावरून यायचा. बारीक दोर सोंडेच्या टोकाला, तो खाली थारोळ्याच्या काठावरच्या रुळावरून. आमच्याकडं त्याला सोंदूर म्हणायचे. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला.

खरी करामत दोरांच्या लांबीत होती. मोट वर येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाच्या बरोबरीला उभी राहायची. नळी उघडी असूनही पाणी सांडत नव्हतं, कारण तिचं तोंड पाण्याच्या पातळीच्या खाली जातच नव्हतं. काठाशी आल्यावर सोंड रुळावरून थारोळ्यात वळायची आणि मोट मात्र वरच्या चाकाकडं अजून चढायची. आता मोट वर, सोंडेचं तोंड खाली. भडाभडा पाणी थारोळ्यात, तिथनं पाटात. कुणी हात लावायचा नाही. एकटा मोटकरी बैल हाकायचा आणि ओतायचं काम मोट आपलं आपण करायची. दोर वीतभर जरी चुकला तरी सोंड वाटेतच गळायची किंवा मोट अर्धी भरलेलीच परत जायची.

बैल चालायचे ती धाव मुद्दाम उताराची. भरली मोट ओढताना बैल उताराला, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही कामाला लागायचं. मोटकरी नाड्यावर बसायचा, त्याचंही वजन त्यात. रिकामी मोट आत सोडताना बैल उलट्या पावलांनी चढ चढायचे. मोटेची गाणी ऐकून पुष्कळ लोकांना ते दिवस गोड वाटतात. मला तसं वाटत नाही. उलटं चढणाऱ्या बैलाची मान आणि पहाटे थंडीत भिजणारा मोटकरी, हे गाण्यात येत नाही.

मोटांवर बागाच्या बागा उभ्या राहिल्या. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे, श्रीमंत वीरूबाईसाहेबांनी 1719 ते 1724 या काळात बांधलेली, छत्रपती शाहू महाराजांच्या वेळची. बांधणाराचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. पण सोंडेची युक्ती कुणाची, त्याचं नाव कुठं कोरलेलं नाही. कातडं कमावून मोट करायचे ढोर, फाटली तर टाके घालायचे चांभार, दोर वळायचे मांग, चाक सुताराचं, कडं लोहाराचं. सुगीला खळ्यावर बलुतं मिळालं की वर्षाचा हिशोब संपला.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ज्यांच्या हातच्या चामड्यातनं आलेलं पाणी सगळं गाव प्यायचं, त्यांनाच त्या विहिरीला शिवायची बंदी होती. मोट चालायची, माणूस चालत नव्हता. जोतिराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि महाडच्या तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. मधे जवळजवळ साठ वर्षं गेली.

पुढं इंजिनं आली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली निघाली, मग गावोगाव वीज आली आणि मोट माळ्यावर गेली. विहिरीचं ओझं पंपानं उचललं. गोठ्यातलं आणि रानातलं मात्र अजून माणसाच्याच कंबरेवर आहे, आणि जास्त करून बायकांच्या. शेणकाला, जीवामृत, खुराकाचं पाणी, सगळं बादलीनं.

म्हणून दोनशे लिटरच्या पिंपाला आम्ही मोटेचाच न्याय लावला. उचलायचं नाही, जागेवर कलवायचं. पिंपाला मधोमध लोखंडी पट्टा, दोन्ही बाजूंना कणा, आणि तो दोन खांबांवर टेकवलेला. कणा पिंपाच्या बरोबर मध्यावर नाही, चार बोटं वर घ्यायचा. मध्याच्या खाली घेतला तर भरलेलं पिंप आपोआप उलथतं आणि पाय सापडतो. वर असला की दांडा सोडल्यावर पिंप परत सरळ उभं राहतं. दांडा हातभर लांब ठेवा, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कलवता येतं. गावच्या वेल्डरनं अर्ध्या दिवसात करून दिलं.