यंत्राला काम सांगताना : कार्यालयीन ‘प्रॉम्प्ट’ कसा लिहावा?

नाशिक - ‘चॅटजीपीटी’ नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पाठोपाठ ‘जेमिनी’, ‘कोपायलट’ यांसारखी साधने आली आणि पत्रे, कोटेशन, इतिवृत्ते, अहवाल यांचे कच्चे मसुदे कार्यालयांतून त्यांच्याकडून लिहून घेतले जाऊ लागले. अनेकांची तक्रार मात्र एकच असते : मजकूर गुळगुळीत येतो, पण कामाचा येत नाही. याचे कारण बहुधा ‘प्रॉम्प्ट’मध्ये, म्हणजे आपण लिहून दिलेल्या सूचनेत, दडलेले असते.

हे साधन एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे जुळवत मजकूर रचते. आपला ग्राहक कोण, त्याच्याशी संबंध कसे, मागील पत्रात काय ठरले, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नसते. माहिती नसेल तेथे ते थांबेलच असे नाही. प्रसंगाला शोभेल असे काहीतरी लिहून मोकळे होते. धोका नेमका येथे आहे.

द्राक्ष निर्यातीचे उदाहरण घेऊ. ‘कंटेनर उशिरा पोहोचणार आहे, खरेदीदाराला पत्र लिहा’ एवढेच सांगितले, तर पत्रात तीनदा माफी आणि वर ‘झालेले नुकसान आम्ही भरून देऊ’ असे आश्वासनही येऊ शकते. असे पत्र न वाचता पाठविले, तर एका वाक्याची किंमत लाखांत मोजावी लागेल. त्याऐवजी सूचना अशी द्यावी : ‘मी पिंपळगाव बसवंत येथील द्राक्ष निर्यातदाराच्या कार्यालयात काम करतो. रॉटरडॅमच्या खरेदीदाराला इंग्रजीत पत्र हवे. थॉमसन सीडलेसचा एक कंटेनर न्हावा शेवा बंदरातून आठ दिवस उशिरा निघाला. कारण जहाजाचे वेळापत्रक बदलले. शीतसाखळी खंडित झालेली नाही. खेद एकदाच व्यक्त करावा. भरपाई वा सवलतीचा उल्लेख करू नये. मर्यादा १५० शब्द. येथे न दिलेली माहिती स्वतः भरू नये, तेथे रिकामी जागा सोडावी.’ कोण लिहितो, कोणाला, वस्तुस्थिती काय आणि काय टाळायचे, हे सारे यात आले. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे; त्याने यंत्राची मनगढंत भर पुष्कळ कमी होते, पूर्णपणे थांबत नाही.

मराठी मजकुराची अडचण

मराठीत पत्र मागितले, की ‘आशा आहे, हे पत्र आपणांस कुशल स्थितीत सापडेल’ अशी इंग्रजीच्या साच्यातील वाक्ये हमखास डोकावतात. एकाच पत्रात ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची सरमिसळही होते. यावर साधा उपाय म्हणजे आपल्याच कार्यालयातील एक चांगले जुने पत्र नमुना म्हणून सोबत द्यावे. विषय, संदर्भ, ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ हा साचा शब्दांत समजावण्यापेक्षा नमुन्यावरून लवकर उचलला जातो. रकमा लाख-कोटींत आणि तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने हव्यात, हेही सांगावे. जुनी पत्रे श्रीलिपी वा तत्सम फॉन्टमध्ये असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. अन्यथा यंत्रापुढे निरर्थक अक्षरांचा ढीग पडतो आणि दोष मात्र त्याच्या मराठीला दिला जातो.

तपशील आपला, मांडणी त्याची

तारखा, दर, कायद्याची कलमे यंत्राला विचारू नयेत, आपण पुरवाव्यात. सिंहस्थाच्या सूचनाफलकाचेच पाहा. २०१५ मध्ये नाशिकला पहिले शाही स्नान २९ ऑगस्टला झाले होते. २०२७ च्या जाहीर कार्यक्रमानुसार पहिले अमृत स्नान २ ऑगस्टला आहे. जाहीर वेळापत्रक सोबत न जोडता फलक लिहून घेतला, तर जुनी तारीख नव्या वर्षाला चिकटू शकते.

न्यायालयीन संदर्भांबाबत तर अधिकच सावध राहायला हवे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक निर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात यंत्रणेने दिलेले निष्कर्ष पडताळून घेतलेच पाहिजेत, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. येथे ‘खरेच निवाडे दे’ अशी सूचना पुरत नाही. प्रत्येक निवाडा मूळ ठिकाणी उघडून पाहण्याला पर्याय नाही.

पहिला मसुदा पसंत पडला नाही, तर ‘अधिक चांगले लिहा’ असे म्हणण्यात अर्थ नाही. ‘दुसरा परिच्छेद निम्मा करा, दर तक्त्यात द्या’ असे नेमके सांगावे. जमलेली सूचना संगणकावर जपून ठेवावी. पुढील महिन्यात तेच काम आकडे बदलून होते.

गोपनीयतेचा प्रश्न निराळा आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने न वापरण्यास सांगितले होते. खासगी आस्थापनांनीही आपले धोरण लेखी ठरविलेले बरे. तोवर ग्राहकाचे नाव, पॅन, बँक खाते, रुग्णाचे अहवाल, निविदेतील दर सूचनेत लिहू नयेत. नावाऐवजी ‘ग्राहक अ’, रकमेऐवजी ‘रक्कम १’ असे लिहावे आणि खरे तपशील मसुदा हाती आल्यावर स्वतः भरावेत.