कोंडवाडा, पिंजरा आणि गीरचं रान

गिरनारची यात्रा करून खाली उतरलं की एक दिवस जुनागढमध्ये विश्रांती घ्यावीच लागते. पोटऱ्या भरून आलेल्या असतात. आम्हीही थांबलो. बरोबर धाकट्या जावेची सात वर्षांची मुलगी होती आणि तिला सक्करबाग प्राणिसंग्रहालयातला सिंह पाहायचा होता.

आदल्याच दिवशी डोंगरावर, नेमिनाथ भगवंतांच्या मंदिराच्या पायरीवर बसून, मी तिला त्यांची गोष्ट सांगितली होती. आपल्याकडे सगळ्यांना ती पाठ असते. नेमिकुमारांची वरात राजुलमतीच्या दारी निघालेली. वाटेत कोंडवाड्यात कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश त्यांच्या कानी पडतो. आपल्याच लग्नाच्या जेवणावळीसाठी हे जीव आणलेत असं सारथ्याकडून कळतं. प्राणी सुटतात, रथ मागे फिरतो आणि कुमार गिरनारची वाट धरतात.

दुसऱ्या दिवशी सिंहाच्या जाळीसमोर उभी राहून पोर म्हणाली, "काकू, नेमिनाथ इथे आले असते तर त्यांनी याला सोडलं असतं ना?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मला मात्र उत्तर सुचलं नाही. "हो" म्हणावं, तर आपण तिकीट काढून इथे कशाला आलो? "नाही" म्हणावं, तर कालच्या गोष्टीला काय अर्थ राहिला? घरी परतल्यावर मी या सिंहांचा इतिहास मिळेल तसा वाचत गेले. तो इतिहास त्या प्रश्नाभोवतीच फिरतो, म्हणून आज लिहायला बसले.

सिंह आपल्या घरात लहानपणापासून असतो. भगवान महावीरांचं लांछन सिंह. बस्तीच्या भिंतीवर सिंह आणि गाय एकाच भांड्यातून पाणी पितानाचं चित्र असतं. आमच्या दक्षिण महाराष्ट्राच्या उसाच्या मळ्यांत मात्र सिंह कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे तो चित्रातलाच प्राणी असं मनात घट्ट बसलेलं. पण एके काळी हा आशियाई सिंह इराणपासून उत्तर भारतात थेट आजच्या झारखंडमधल्या पलामूपर्यंत होता. बंदुका आल्या, जंगलं तुटली, शिकार ही साहेबांची आणि संस्थानिकांची प्रतिष्ठा झाली आणि एकेका प्रदेशातून तो नाहीसा होत गेला. एकोणिसावं शतक संपता संपता आपल्या देशात तो फक्त सौराष्ट्रात, जुनागढ संस्थानच्या गीर जंगलात आणि आसपास उरला.

तिथे तो उरला, कारण काही माणसांनी हात आवरला. जुनागढच्या नवाबांनी आपल्या राज्यात सिंहाच्या शिकारीवर बंधनं घातली. ते अहिंसाव्रती नव्हते. स्वतः शिकार करत आणि मोठ्या पाहुण्यांना परवानगीही देत. तरीही हवी त्याने बंदूक घेऊन रानात शिरावं, हे त्यांनी थांबवलं. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आले. तो छप्पनिया दुष्काळाचा काळ, संवत १९५६. सिंहाच्या शिकारीचा बेत ठरला होता. कर्झननी तो सोडून दिला आणि हे सिंह जपा, असा सल्ला नवाब रसूलखानजींना दिला. त्या वेळी जेमतेम डझनभर सिंह उरल्याचं सांगितलं जाई. खरा आकडा बराच जास्त असावा, असं पुढच्या अभ्यासकांना वाटतं. पण शिकारीची एकेक पार्टी मोजून घ्यावी इतके ते थोडे होते, यात शंका नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट चित्त्याची, आणि ती आमच्या कोल्हापूरपर्यंत येते. चित्त्याला माणसाने मारलं त्याहून जास्त पकडलं. रानातला चित्ता धरायचा, त्याला माणसाळवायचा आणि काळवीट मारायला सोडायचा, हा राजेरजवाड्यांचा शौक होता. अकबराच्या पदरी हजार चित्ते असल्याची नोंद जहांगीराने केली आहे. त्याच आठवणींत तो सांगतो, की बंदिवासात चित्त्याला पिल्लं होत नाहीत आणि एकदाच झाली, तेव्हा ती नवलाची गोष्ट ठरली. म्हणजे जितके चित्ते राजवाड्यात, तितके रानातून कायमचे वजा. विसाव्या शतकात कोल्हापूरसारख्या संस्थानांना शिकारीचे चित्ते आफ्रिकेहून मागवावे लागले, कारण इथले मिळेनात. कोल्हापुरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात चित्तेवान हा शब्द अजून येतो. चित्ते मात्र गेले. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, ते देशातले अखेरचे नोंदलेले चित्ते मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

या चित्त्यांना कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. त्यांच्या गळ्यात पट्टे होते, दिमतीला माणसं होती. लाडाने पाळलेला प्राणीसुद्धा संपू शकतो, हे मला इथे पहिल्यांदा कळलं.

मग सक्करबागेचं काय? ते प्राणिसंग्रहालय १८६३ साली नवाबी अमदानीतच सुरू झालं. तेव्हाची अशी संग्रहालयं बघण्याच्या हौसेसाठीच असत. मुंबईत भायखळ्याची राणीची बागही साधारण त्याच काळातली. पुढे सक्करबागेचं काम बदललं. आशियाई सिंहांची पैदास करणारं ते देशातलं मुख्य केंद्र झालं. तिथले सिंह देशातल्या आणि परदेशातल्या संग्रहालयांना दिले गेले. २०२२ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गुजरातहून सिंहाची जोडी आली आणि बदल्यात इथून वाघांची जोडी गेली. रानावर संकट आलंच तर वंश पूर्ण बुडू नये, म्हणून ठेवलेलं हे बियाणं. घरात पेरणीचं बी वेगळ्या कणगीत ठेवतात, तसं.

पण बियाण्यात भेसळही होऊ शकते. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आफ्रिकी आणि आशियाई सिंहांचा संकर होऊन पिल्लं वाढत गेली. पुढची पिढी कमजोर निघाली, आजारांना बळी पडू लागली. शेवटी त्यांची पैदास बंद करावी लागली. ते सिंह ना रानात सोडता येत होते, ना वंशासाठी उपयोगी होते. पिंजऱ्यात आयुष्य काढण्यावाचून त्यांना दुसरी वाट नव्हती. अमेरिकेतल्या संग्रहालयांतही आशियाई म्हणून जपलेले सिंह संकरित असल्याचं १९८७ साली जनुकीय तपासणीत उघड झालं.

म्हणजे पिंजरा दोन प्रकारचा असू शकतो. एक त्या जीवाच्या वंशासाठी आणि एक आपल्या डोळ्यांच्या हौसेसाठी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

आता रानातल्या सिंहाकडे वळू. तिथे तरी पाहणं निर्मळ असेल, असं मला वाटलं होतं. पण गीरमध्ये १९८० च्या दशकापर्यंत पर्यटकांसाठी सिंहांचे 'शो' होत. एखादं रेडकू बांधून ठेवायचं, सिंह त्यावर आले की लोकांनी गोल बसून पाहायचं. हे वाचलं आणि मला तो कोंडवाडाच आठवला. लग्नाची जेवणावळ नाही, एवढाच फरक. पाहणाऱ्यांसाठी एक जीव बांधलेला आणि पाहणारे खुशीत. पिंजऱ्यासमोर तिकीट काढून उभ्या राहणाऱ्या मला जी टोचणी लागली, ती या उघड्या रानात जास्त लागायला हवी होती.

ते शो बंद झाले हे चांगलंच झालं. पण त्यालाही दुसरी बाजू होती. त्याच सुमारास, १९८७-८८ मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर सिंहांचे माणसांवरचे हल्ले वाढल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. आयतं खायची सवय लागलेला सिंह माणसापासून बुजत नाही. बेकायदा शो करणारे आजही अधूनमधून पकडले जातात, म्हणजे पैसे देऊन असं पाहणारे आजही आहेत.

आणि सिंह राहिला याची किंमत कुणी मोजली? गीरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मालधारी म्हशी-गाई पाळतात. एके काळी सिंहांच्या आहाराचा मोठा भाग त्यांची गुरंच होती. १९६५ मध्ये गीर अभयारण्य झालं, १९७५ मध्ये त्याच्या गाभ्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि शेकडो मालधारी कुटुंबांना नेस सोडून रानाबाहेर जावं लागलं. हरणं-सांबरं वाढली, सिंहही वाढले. १९६८ च्या गणनेत १७७ सिंह होते, २०२५ मध्ये ८९१ मोजले गेले. त्यातले निम्म्याहून अधिक आता अभयारण्याबाहेर, शेतांत, नदीकाठी, गावांच्या शिवारात असतात. गिरनारच्या पायथ्याच्या रानातही आहेत. २००८ मध्ये त्याचंही अभयारण्य झालं. आपण पहाटे हातात काठी घेऊन पायऱ्या चढतो, तेव्हा तो जवळपास कुठे तरी असतो.

एक काळजी मात्र उरतेच. कुठलीही गृहिणी सगळे दागिने एका डब्यात ठेवत नाही. पण रानात राहणारे जगातले सगळे आशियाई सिंह आज एकट्या सौराष्ट्रात आहेत. २०१८ मध्ये गीरच्या एका भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले. त्यातल्या अनेकांमध्ये कुत्र्यांकडून पसरणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे हजार सिंह दगावले होते. म्हणूनच काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला न्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. सिंह अजून तिकडे गेलेले नाहीत. कुनोत २०२२ मध्ये आफ्रिकेहून चित्ते आले. 'आमचे सिंह' म्हणून धरून ठेवणं हाही परिग्रहच, असं मला वाटतं.

गिरनारच्या वाटेवर एक मोठा शिलाखंड आहे. त्यावर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले आहेत. पहिल्याच लेखात तो सांगतो, की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो जीव मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. आपण पायऱ्यांच्या घाईत त्याच्या शेजारून निघून जातो. मीही तशीच गेले होते. डोंगरावर नेमिनाथांचा त्याग, पायथ्याशी राजाने आपल्या ताटाला घातलेली मर्यादा आणि गावात नवाबाने बंदुकीला घातलेलं बंधन. तिघांची श्रद्धा वेगळी, संयमाची पायरीही वेगळी. पण सिंह आज आहे, तो कुणी तरी आपली हौस बाजूला ठेवली म्हणून.

पोरीला मी काय सांगितलं? तिला म्हटलं, "नेमिनाथांनी याला नुसतं सोडलं नसतं गं. आधी रथ थांबवून विचारलं असतं, याला कुणासाठी ठेवलंय?" तेच आता आमच्या घरचं माप झालं आहे. वंशासाठी जपलेल्या जीवाच्या संग्रहालयात आम्ही जातो, काचेवर टकटक करत नाही, खायला टाकत नाही. जिथे जीव नाचवले जातात किंवा खांद्यावर ठेवून फोटो काढायला देतात, तिथून परत फिरतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा तिकडे गेलो, या वेळी सासणला जीपमधून. तीन तासांत सिंह काही दिसला नाही. वाटाड्याने धुळीत उमटलेले ताजे पंजे तेवढे दाखवले. बाकीचे जरा हिरमुसले. पोर मात्र वाकून पंजाशेजारी आपला हात धरून बघत होती. मग म्हणाली, "काकू, तो आहे ना पण इथेच?"

"आहे," मी म्हटलं.