एकोणतीस संघांचा गोलरक्षक

फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात. पण दहांना एक नियम आणि अकराव्याला दुसरा. हा अकरावा म्हणजे गोलरक्षक. आपल्या गोलापुढच्या आखलेल्या चौकटीत त्याला चेंडू हाताने धरण्याची मुभा आहे. या सवलतीची किंमत मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इतर गडी उजवीकडे जमला नाही तर डावीकडे खेळवता येतो, पुढे चालला नाही तर मागे घेता येतो. गोलरक्षकाची जागा एकच! ती दुसऱ्याने पक्की धरली की याने करायचं काय? इंग्लंडच्या लीग सामन्यांत १९६५ सालापर्यंत बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती. पुढेही कित्येक वर्षे एकाच बदलीला परवानगी होती, आणि ती जागा गोलरक्षकावर खर्च करायला संघ सहसा तयार नसत. तेव्हा वळकटी बांधून दुसरं गाव गाठणं, एवढाच मार्ग उरे.

हा मार्ग जॉन बरिज या इंग्रज गोलरक्षकाइतका क्वचितच कोणी तुडवला असेल. जवळजवळ तीस वर्षांत तो एकोणतीस संघांकडे होता. नुसते लीगचे सामने मोजले तरी ते साडेसातशेंच्या वर जातात.

त्याचा जन्म ३ डिसेंबर १९५१ चा. इंग्लंडच्या वायव्य टोकाला वर्किंग्टन हे कोळशाचं आणि पोलादाचं गाव. त्या मुलखातल्या एका खाणकामगाराचा हा मुलगा. गावच्याच संघातून तो खेळू लागला. तिथून ब्लॅकपूल, तिथून अ‍ॅस्टन व्हिला. १९७७ साली व्हिलाने लीग कप जिंकला. एव्हर्टनशी अंतिम सामना दोनदा बरोबरीत सुटला आणि तिसऱ्यांदा खेळून निकाल लागला. योगायोग पहा : त्याच वर्षी, ज्या वर्किंग्टन संघाने त्याला उभा केला तो संघ इतर संघांच्या मतदानाने लीगमधून बाहेर काढला गेला. म्हणजे मुलाच्या हाती करंडक आला आणि मागे घर मोडलं.

पुढे क्रिस्टल पॅलेस. १९७९ मध्ये या संघाने दुसऱ्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळवला. बेचाळीस सामन्यांत त्याच्यावर गोल झाले अवघे चोवीस! एवढं करूनही बरिज तिथे टिकला नाही. नंतर क्वीन्स पार्क रेंजर्स, नंतर वुल्व्हज. वुल्व्हज १९८२ साली दिवाळ्याच्या उंबरठ्यावरून परतलेला. १९८३ ला वरच्या श्रेणीत चढला आणि १९८४ ला पुन्हा खाली आला. मग शेफील्ड युनायटेड, साउथॅम्प्टन, न्यूकॅसल… ही जंत्री इथेच थांबवू.

कोणी म्हणेल, एवढे संघ बदलणारा माणूस चंचल असला पाहिजे. मला तसं वाटत नाही. गावं बदलली, काम त्याने कधी बदललं नाही. तो हातमोजे घालून, चेंडू कुशीत घेऊन झोपायचा. घरी टेलिव्हिजन पाहत असता पत्नीने आपल्या अंगावर अवचित एखादं फळ फेकावं, अशी त्याची ताकीद असे. नजर नि हात सावध राहावेत म्हणून! सामन्याआधी तो मैदानावर कोलांट्या मारी, हातांवर चाले. प्रेक्षक हसत. पण अंग तापवल्याशिवाय गोलात उभं राहायचं नाही, ही त्याची शिस्त होती.

१९९१ साली तो स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या हिबर्नियन संघात आला. वर्षभरापूर्वी शेजारच्या हार्ट्स संघाच्या मालकाने हिबर्नियन विकत घेऊन दोन्ही एक करण्याचा घाट घातला होता. चाहते रस्त्यावर उतरले, तेव्हा तो बेत फिसकटला. त्याच हिबर्नियनने २७ ऑक्टोबर १९९१ रोजी डन्फर्मलिनला दोन-शून्य हरवून स्कॉटलंडचा लीग कप घेतला. गोलात एकोणचाळीस वर्षांचा बरिज होता.

१९९२ साली इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिथे बदली गोलरक्षकासाठी बाकावर जागा ठेवली गेली. तरुणपणी जी सोय नव्हती ती म्हातारपणी उपयोगी पडली, म्हणाना! अनुभवी, ऐनवेळी धावून येणारा गोलरक्षक आता संघांना हवा होता. १४ मे १९९५ रोजी मँचेस्टर सिटीकडून खेळताना त्याचं वय ४३ वर्षे १६२ दिवस होतं. प्रीमियर लीगमध्ये इतक्या वयाचा खेळाडू तोवर उतरलेला नव्हता.

पण शरीराला अंत असतो. खेळ सुटला आणि हा माणूस आतून कोसळला. घराबाहेर पडेना, बोलेना. अखेर मनाच्या आजारासाठी त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. पुढे आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच उघडपणे सांगितलं आहे. करंडकांच्या वर्णनापेक्षा हे सांगायला धैर्य अधिक लागतं, असं मी समजतो. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापासून शनिवार म्हणजे सामना, एवढंच ज्याला ठाऊक, त्याच्यापुढे रिकामा शनिवार उभा राहिला तर?

त्यानंतर तो गेला अरबस्तानच्या टोकाशी, ओमान देशात, गोलरक्षकांना शिकवायला. तिथे अली अल हबसी नावाचा एक उंच पोरगा त्याच्या नजरेत भरला. खालच्या श्रेणीतल्या, आपल्या गावच्या संघात खेळणारा. पोटासाठी विमानतळावर अग्निशामक दलात नोकरी करणारा. बरिजने त्याला घडवलं आणि परदेशातल्या संघांनी त्याला घ्यावं म्हणून खटपट केली. २००३ साली अली नॉर्वेतल्या लिन संघात गेला, २००६ साली इंग्लंडच्या बोल्टनमध्ये. प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला ओमानी. २००९ साली मस्कतला आखाती देशांची स्पर्धा झाली, ती ओमानने प्रथमच जिंकली. त्या साऱ्या स्पर्धेत अलीने खेळाच्या वेळात आपल्यावर एकही गोल होऊ दिला नाही.