एल्फिन्स्टन, पण कुठला?

शाळेत असताना माझा ठाम समज होता की एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन एकाच साहेबाच्या नावाने आहेत. पुढे वर्षानुवर्षं त्या स्टेशनवर उतरून ऑफिस गाठलं, तरी समज तोच. नाव सारखं, माणसं दोन! आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच नावाचे दोन व्हेरिएबल.

लॉर्ड एल्फिन्स्टन ही स्कॉटलंडची पदवी, साधारण 1510 सालची. पहिला लॉर्ड 1513 मध्ये फ्लॉडनच्या लढाईत राजा चौथ्या जेम्सबरोबर मारला गेला. त्याचा मुलगा, दुसरा लॉर्ड, 1547 मध्ये पिंकीच्या लढाईत. दोन्ही वेळा समोर इंग्रज! पुढे ह्याच घराण्यातली मुलं इंग्रजांच्या कंपनीत नोकरीला लागली.

कारण साधं होतं. पदवी मिळायची थोरल्याला, बाकीच्यांनी पोटापाण्याचं बघायचं. अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा माउंटस्टुअर्ट, म्हणजे त्याला लॉर्ड होण्याचा चान्स जवळपास शून्य. तो पुण्यात रेसिडेंट झाला. 1817 मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी पेशव्यांच्या सैन्याने संगमावरची त्याची रेसिडेन्सी जाळली, पुस्तकांसकट. पेशवाई बुडवण्यात ह्या गृहस्थाचा मोठा हात, हे विसरून चालणार नाही. पण 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर असताना शिक्षणाचा आग्रह धरणाराही तोच. तो निघाला तेव्हा इथल्या लोकांनी त्याच्या नावाने निधी उभारला, त्यातून कॉलेज आलं. गव्हर्नर जनरलपद त्याने दोनदा नाकारलं.

स्टेशनवाला तो हा नव्हे. तो ह्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड. राजकन्या व्हिक्टोरियाशी त्याचं काहीतरी आहे अशी लंडनमध्ये कुजबुज होती, आणि म्हणूनच त्याला 1837 मध्ये मद्रासला धाडलं असं म्हणतात. (खरंखोटं व्हिक्टोरियालाच माहीत.) पुढे 1853 ते 1860 तो मुंबईचा गव्हर्नर. 1857 चा उठाव त्याच्याच कारकिर्दीतला. 1860 मध्ये अविवाहितच वारला, पदवी चुलतभावाकडे गेली.

असो. 29 सप्टेंबर 2017 ला त्या स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 माणसं गेली. त्याच पुलावरून मी रोज जायचो. त्या दिवशी घरी होतो, एवढंच. 2018 च्या जुलैत स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. जॉनसाहेबाचं नाव पुसलं गेलं ह्याचं मला काही वाटलं नाही. पण आजही कोणी 'एल्फिन्स्टन' म्हणालं की मला आधी तो अरुंद जिना दिसतो, लॉर्डबिर्ड नंतर.