बापाबरोबर निघालेली मुले

बापाने लेकाला बरोबर घेऊन देश पाहावेत, ही गोष्ट निघाली की यूरोपात व्हेनिसच्या पोलो घराण्याचे नाव प्रथम घेतात. निकोलो पोलो हा व्यापारी १२६९ साली पूर्वेकडून घरी परतला, तेव्हा पत्नी निवर्तलेली होती आणि मुलगा मार्को पंधरा वर्षांचा झाला होता. १२७१ साली त्या मुलाला व आपल्या भावाला घेऊन तो पुन्हा निघाला. तिघे व्हेनिसला परतले ते १२९५ साली. मार्कोच्या ग्रंथात आपल्या ठाण्याचाही उल्लेख आहे.

याच पंचवीस वर्षांच्या पोटात, देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करीत असता, आपल्याकडचा एक बाप मुले घेऊन त्र्यंबकेश्वरी आला. विठ्ठलपंत मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे, राहणार आळंदीचे. संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून ब्रह्मवृंदाने वाळीत टाकलेले. मुलांच्या मुंजी कोण लावणार? व्यापारी घराबाहेर पडतो तो परत येण्याच्या हिशेबाने. ज्याला गावच उरले नाही त्याच्या प्रवासाची जात निराळी. परंपरा सांगते की, पत्नी रुक्मिणीबाई व मुले यांसह ते त्र्यंबकेश्वरी राहिले आणि ब्रह्मगिरीस प्रदक्षिणा घालू लागले. आपेगाव गोदाकाठचे, तेव्हा आपल्या गावच्या नदीच्या उगमाशी ते दाद मागावयास आले, असे म्हटले तरी चालेल.

ते त्र्यंबक आजचे नव्हते. आज दिसणारे काळ्या दगडाचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले, आणि कुशावर्ताचे बांधीव कुंडही अठराव्या शतकातलेच. विठ्ठलपंतांनी पाहिला तो डोंगर मात्र हाच. आपल्यापैकी ज्यांनी श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी केली असेल, त्यांनी आजूबाजूची माणसे मनातून काढून टाकावी आणि तेथे अरण्य उभे करावे. अशा एका रात्री वाघ आडवा आला, पळापळ झाली, आणि थोरला निवृत्ती चुकला. काही दिवसांनी तो परत आला तो गहिनीनाथांचा अनुग्रह घेऊन.

वाघाची ही कथा इतिहास म्हणून कितपत धरावी? शके १२१२, म्हणजे १२९० साली झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा स्वतःच दिली आहे. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांस आणि निवृत्तिनाथांकडून आपणांस, असा तिचा क्रम आहे. वाघ तेथे नाही. म्हणून गुरूचे नाव आम्ही पक्के मानतो आणि वाघ परंपरेच्या स्वाधीन करतो. मात्र कथा टाकून देण्याजोगी नाही. निकोलोने मुलाला आपला धंदा दिला, ओळखी दिल्या, दूरच्या दरबारात उभे केले. विठ्ठलपंतांपाशी देण्यासारखे काय होते? त्यांचे नावच मुलांना ओझे झाले होते. निवृत्तीला जे मिळाले ते बापाचा हात सुटला तेव्हा मिळाले, असे सांगणाऱ्या लोकांना त्या घराची अडचण नेमकी कळली होती.

पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि मुले शुद्धिपत्रासाठी एकटीच पैठणास गेली, असे सांगतात. थोरल्याने धाकट्यास उपदेश केला. नेवाशास धाकट्याने गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. मार्कोनेही आपला ग्रंथ सांगून लिहविला, तो आठ वर्षांनी, जिनोआच्या तुरुंगात.

पोलो मंडळी आपल्या गावी पोचली. आपेगावचे हे घर चार ठिकाणी विखुरले : ज्ञानदेव १२९६ साली आळंदीस, सोपानदेव सासवडास, मुक्ताबाई तापीकाठी. सर्वांच्या मागून शके १२१९ मध्ये निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. पौष वद्य एकादशीस तेथे यात्रा भरते, आणि आषाढीसाठी तेथूनच त्यांची पालखी पंढरपुरास निघते.