अतिशीत जल, हिमकण आणि महाराष्ट्रातील मेघसंशोधन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, हे शालेय विधान ढगांच्या बाबतीत अपुरे ठरते. ढगातील सूक्ष्म थेंबास हिमकेंद्रक ठरणारा धूलिकण लाभला नाही, तर तो सुमारे उणे 38 अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकतो. यालाच अतिशीत जल म्हणतात. त्यापासून हिमकण कसे निर्माण होतात, या प्रश्नाचा महाराष्ट्राच्या संदर्भातील इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

हिमकण सिद्धांत :
आल्फ्रेड वेगेनर यांनी 1911 मध्ये सुचविलेली कल्पना टोर बर्गेरॉन व वाल्टर फिंडायझेन यांनी 1930 च्या दशकात विकसित केली. बर्फावरील संपृक्त बाष्पदाब अतिशीत जलावरील बाष्पदाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे थेंबांचे बाष्प शोषून हिमकण वाढतात, जड होऊन खाली येतात आणि वितळून पाऊस पडतो. अमेरिकेत 1946 मध्ये व्हिन्सेंट शेफर यांनी कोरड्या बर्फाने व बर्नार्ड व्होनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडने अतिशीत ढगात हिमकण निर्माण करता येतात, हे दाखविले. 'कृत्रिम पाऊस' ही संकल्पना येथूनच लोकप्रिय झाली.

सह्याद्रीचे वेगळेपण :
हा सिद्धांत समशीतोष्ण प्रदेशातील ढगांवर आधारलेला होता. महाराष्ट्रात पावसाळ्यात गोठणरेषा सुमारे 5 किलोमीटर उंचीवर असते आणि घाटमाथ्यावरील बराचसा पाऊस तिच्या खालीच राहणाऱ्या ढगांतून पडतो. भोर तालुक्यातील आंबवडे परिसरात अरबी समुद्रावरून सह्याद्री ओलांडून येणाऱ्या अशा ढगांत हिमकणांशिवाय, केवळ थेंबांच्या टकरीतून व विलीनीकरणातूनही पाऊस तयार होतो.

या वास्तवाची दखल 1962 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामान संशोधन संस्थेने घेतली. संस्थेने 1973 ते 1986 या काळातील 11 पावसाळ्यांत बारामती परिसरात विमानातून मिठाची बारीक पूड फवारली. सिल्व्हर आयोडाइड नव्हे. बीजनाचे क्षेत्र यादृच्छिक पद्धतीने निवडले जात असे. पर्जन्यात सुमारे 24 टक्के वाढ आढळल्याचे संशोधकांनी नमूद केले.

शासकीय कार्यक्रम व नियंत्रित प्रयोग :
राज्य शासनाने 2003, 2015 व 2019 मध्ये कृत्रिम पावसाचे कार्यक्रम राबविले. ते दुष्काळनिवारणाचे उपाय होते. बारामतीसारखे नियंत्रित प्रयोग नव्हते. याउलट, संस्थेने 2018 व 2019 मध्ये सोलापूर येथे 276 ढगांचा अभ्यास केला. त्यात बीजित व अबीजित ढगांची तुलना करून सरासरी सुमारे 18 टक्के वाढ नोंदविण्यात आली. येथेही भर आर्द्रताशोषक कणांवरच होता.

महासागरांचा धडा :
दूरस्थ महासागरांवरील संशोधन याच मुद्द्यास पुष्टी देते. भूभागापासून दूर असलेल्या दक्षिण महासागरावर धूलिकण विरळ असल्याने तेथील ढग शून्याखालीही बहुतांशी द्रवरूप राहतात. अनेक हवामान प्रारूपांनी तेथे प्रत्यक्षापेक्षा अधिक बर्फ गृहीत धरला. परिणामी ढगांकडून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश कमी व समुद्राने शोषलेली उष्णता जास्त दाखविली गेली. ही त्रुटी समजून घेण्यासाठी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथून संशोधन विमानांची उड्डाणे झाली. एका प्रदेशातील हिमकेंद्रकांचे प्रमाण दुसऱ्या प्रदेशास लागू करता येत नाही, हे यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
सिल्व्हर आयोडाइड उपयुक्त ठरण्यासाठी ढगात पुरेसे अतिशीत जल असावे लागते व नैसर्गिक हिमकण अल्प असावे लागतात. गोठणरेषेखालील ढगात त्याचा हिमकेंद्रक म्हणून उपयोग नाही. कोणतेही बीजन निरभ्र आकाशात ढग निर्माण करू शकत नाही. म्हणूनच दुष्काळात शासनाचा निधी व शेतकऱ्याची आशा आकाशाकडे वळविण्यापूर्वी आपल्याच आकाशातील ढगांचे मोजमाप होणे आवश्यक आहे. बारामती व सोलापूरच्या प्रयोगांचे खरे महत्त्व टक्केवारीपेक्षा या शिस्तीत आहे, असे म्हणावे लागते.